आधी बाहेर काढा, चौकशी मागाहून करा

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, आळंदी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि पोट भरणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. पाण्यात माणूस बुडत असेल तर तो कुठला, तिथे गेलाच कशाला, चूक कुणाची, हे प्रश्न त्या घडीला विचारू नका. आधी माणूस बाहेर काढायचा. आणि हे काम जे लोक पगार न घेता, रजा टाकून, पदरचं पेट्रोल घालून करतात, त्यांच्या मागे उभे राहा.

यात वेगळं काय सांगितलं, असं कुणालाही वाटेल. पण कुठलीही दुर्घटना झाली की तासाभरात आपल्या मोबाइलवर काय काय येतं ते आठवून पाहा. १५ जून २०२५ च्या रविवारी दुपारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. फिरायला आलेली माणसं पुलावर दाटीवाटीने उभी होती. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. सगळ्यांत आधी धावले ते आसपासचे गावकरी. पाठोपाठ पोलिस, अग्निशमन दल, मावळातले स्वयंसेवक आणि एनडीआरएफचे जवान आले. एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळ सुदुंबऱ्याला, म्हणजे तिथून काही किलोमीटरवरच. ही माणसं लोखंडाच्या सांगाड्याखाली अडकलेल्यांना शोधत होती, तेव्हा आपल्यातले बरेच जण घरी बसून बोलत होते, ‘फलक लावलाय तो दिसत नाही का? मरायलाच जातात.’

अशा अपघातात लोकांची चूक असते, प्रशासनाची असते, पूल वर्षानुवर्षं तसाच ठेवणाऱ्यांचीही असते. ती शोधलीच पाहिजे, जबाबदारी ठरलीच पाहिजे. पण त्यासाठी पंचनामा आहे, चौकशी आहे, कोर्ट आहे. नदीच्या काठावर उभं राहून निकाल द्यायचा नसतो. तिथे दोर टाकायचा असतो.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. युरोपात गेली दहा-बारा वर्षं याच मुद्द्यावर रण पेटलं आहे. आफ्रिका आणि पश्चिम आशियातून युद्धाला, उपासमारीला कंटाळलेली माणसं दलालांना पैसे मोजतात आणि रबरी किंवा मोडक्या लाकडी होड्यांतून भूमध्य समुद्र ओलांडायला निघतात. ३ ऑक्टोबर २०१३ ला इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ अशी एक बोट बुडाली आणि ३६८ माणसं गेली. त्यानंतर इटलीने नौदलाच्या जोरावर ‘मारे नोस्त्रुम’ ही बचाव मोहीम काढली. वर्षभर चालवली आणि २०१४ च्या अखेरीला बंद केली. बंद करण्याच्या बाजूने जी कारणं दिली जात होती, त्यातलं एक आपल्या ओळखीचं आहे. वाचवायला कुणीतरी येतं हे कळलं की लोक जास्तच निघतात, असं ते कारण. मोहीम बंद झाल्यावर बोटी यायच्या थांबल्या का? १८ एप्रिल २०१५ ला एकाच बोटीबरोबर सातशेहून अधिक माणसं बुडाली. मदत थांबली तरी निघणारे थांबले नाहीत, कारण मागे आग लागलेली असताना पुढे पाणी किती खोल आहे हे कुणी मोजत नाही.

मग सामान्य नागरिकांनी वर्गण्या काढून जहाजं घेतली. सी-वॉच, एसओएस मेदितेराने अशा संस्था उभ्या राहिल्या. डॉक्टर, खलाशी, विद्यार्थी आपल्या सुट्ट्या त्या जहाजांवर काढू लागले. त्यांच्यावर खटले भरले गेले, जहाजं बंदरात अडकवून ठेवली गेली. तरी ते जात राहिले. २०१४ पासून भूमध्य समुद्रात बुडालेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांचा आकडा ३० हजारांच्या पुढे गेला आहे. ही नोंद झालेली माणसं. ज्यांची नोंदच नाही ती वेगळी.

इंग्लंडची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे आरएनएलआय नावाची संस्था १८२४ पासून समुद्रात अडकलेल्यांना वाचवते आहे. सरकारी खातं नाही, देणग्यांवर चालते. किनाऱ्यावरच्या गावांतले मच्छीमार, सुतार, शिक्षक, दुकानदार हेच तिचे स्वयंसेवक. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून बोट काढायची. फ्रान्सकडून छोट्या होड्यांतून येणाऱ्या निर्वासितांनाही ते वाचवतात, म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात काही पुढाऱ्यांनी त्यांची ‘टॅक्सी सेवा’ म्हणून टर उडवली. संस्थेने शांतपणे सांगितलं की कुणी बुडत असेल तर आम्ही जातो, तो कोण आणि कुठून आला हे आम्ही पाहत नाही. त्यानंतर लोकांच्या देणग्या एकदम कित्येक पटींनी वाढल्या. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला इंग्लिश खाडीत एक होडी बुडाली आणि किमान २७ जण मेले. होडीतून मदतीसाठी फोन गेले होते. तुम्ही आमच्या नाही, पलीकडच्या हद्दीत आहात, अशी उत्तरंही होडीतल्यांनी ऐकली.

हद्दीचा हा घोळ आपल्याला नवा नाही. इंद्रायणीच्या एका तीरावर महापालिका, दुसऱ्या तीरावर ग्रामपंचायत. इकडे पिंपरी-चिंचवड पोलिस, थोडं पुढे गेलं की पुणे ग्रामीण. पाण्यात पडलेला माणूस प्रवाहाबरोबर हद्द ओलांडून जातो.

समुद्रावर याबाबतीत नियम अगदी स्वच्छ आहे. १९७९ च्या शोध आणि बचावाच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलं आहे की संकटातल्या माणसाचं राष्ट्रीयत्व, दर्जा किंवा तो कोणत्या परिस्थितीत सापडला हे न पाहता त्याला मदत करायची. १९८२ च्या सागरी कायद्याने हीच जबाबदारी प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर टाकली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांना विचारा, ते सांगतील. बुडणाऱ्याचा पासपोर्ट मागायची पद्धत समुद्रात नाही, मग नदीवर आधार कार्ड कशाला?

आपल्या राज्यातही हा नियम मोठ्या मनाने पाळणारी माणसं आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले वेल्डर, फिटर आणि इतर कामगार, आपल्या चाकणमध्ये असतात तसेच. खवळलेल्या समुद्रात रात्रभर झुंजून नौदलाने त्यातल्या १८६ जणांना जिवंत काढलं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले. पण जे वाचले त्यातले अनेक जण आसपासच्या बोटवाल्यांनी वाचवले. आपला फेरा सोडून ते आधी तिकडे वळले होते. कुणी आदेश देईपर्यंत थांबले नाहीत.

आता आपल्या दारातलं बोलू.

आपल्या भागात बुडतं कोण? इथला पिढीजात माणूस नदी ओळखून असतो. डोह कुठे, भोवरा कुठे, कुठल्या दगडावर शेवाळ धरतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. बाहेरून आलेल्याला ते कोण सांगणार? बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून, तसाच बीड, लातूर, नांदेड, यवतमाळमधून पोरगा येतो. निघोजे, कुरुळी, खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडीत एका खोलीत पाच-सहा जण राहतात. बारा-बारा तासांची ड्युटी. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. पत्र्याच्या खोलीत उकडतंय, खिशात सिनेमाचे पैसे नाहीत, मग चार मित्र मिळून नदीवर जातात. वरून संथ दिसणारं पाणी आत ओढ घेतं. कुंडमळ्यासारख्या ठिकाणी कातळात पाण्याने कोरलेले खोल खड्डे असतात. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढच्या पावलाला तळ सापडत नाही. मोशीकडच्या दगडखाणींत पावसाचं पाणी साठतं, तिथे कड सरळ तुटलेली असते, वर चढायला हाताला काही लागत नाही. धरणातून पाणी सोडलं की पवनेची पातळी बघता बघता वाढते. काठावरचा फलक बहुतेक वेळा मराठीत असतो, तोही झाडाआड.

अशा पोराला आपण ‘परप्रांतीय’ म्हणून मोकळे होतो. जरा आपल्या शहराचा इतिहास आठवा. फाळणीनंतर सिंधमधून उठलेली कुटुंबं कराचीहून बोटीने मुंबई बंदरात उतरली, आणि त्यातल्या अनेकांना पिंपरीच्या निर्वासित छावणीत आणून ठेवलं. आज दिवाळीची खरेदी आपण जिथे करतो तो पिंपरी कॅम्प त्यांनी उभा केला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात एमआयडीसी आली आणि सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, केरळ, कुठून कुठून माणसं पोटासाठी इथे आली. या शहरात ‘गावाला चाललो’ म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात चाललो असाच अर्थ होतो. कुणी आधीच्या गाडीने आला, कुणी नंतरच्या. एवढाच फरक.

तर आपल्याकडे वाचवायला जातं कोण? अग्निशमन दल आहे, एनडीआरएफ आहे. त्यांच्याबरोबर, पुष्कळदा त्यांच्याही आधी, वन्यजीव रक्षक मावळ आणि शिवदुर्ग मित्र लोणावळा यांसारख्या संस्था असतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांच्या शोधात आयएनएस शिवाजीच्या नौदल पाणबुड्यांच्या बरोबरीने या संस्थांची पोरं पाण्यात होती.

हे काम जवळून पाहिलं नसेल तर त्याची कल्पना येत नाही. पुराचं पाणी गढूळ, हातभर खालचं दिसत नाही. बोटीत पुढे बसलेला जण दोराला बांधलेला लोखंडी गळ खाली सोडतो आणि तळावरून हळूहळू ओढत नेतो. गळ अडकला की सगळे श्वास रोखतात. बहुतेक वेळा बुंधा निघतो, नाहीतर प्लास्टिकचं पोतं. पुन्हा सोडायचा. काठावर नातेवाईक बसलेले असतात, आणि बुडालेला परगावचा असेल तर नातेवाईकही नसतात, त्याचे दोन रूममेट ओल्या कपड्यांत, गावाकडे फोन करून काय सांगायचं या विचारात उभे असतात. अंधार पडला की काम थांबवायचं, उजाडलं की पुन्हा सुरू. सापडला की पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, घरी जाऊन आंघोळ करायची आणि सेकंड शिफ्ट गाठायची. याचे पैसे नाहीत, पेन्शन नाही. दोन दिवसांचा खाडा मात्र स्वतःच्या पगारातून जातो.

म्हणून आता करायचं काय ते सांगतो. यातली एकही गोष्ट अवघड नाही.

पहिलं, पाण्यात उडी मारू नका. पट्टीचा पोहणाराही घाबरलेल्या माणसाच्या मिठीत बुडतो. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं गेले, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. काठावर पालथं पडून लांब काठी पुढे करा. दोर, नाहीतर गाठी मारलेल्या ओढण्या-साड्या टाका. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, गाडीची ट्यूब, थर्माकोलचा ठोकळा, जे तरंगतं ते त्याच्याकडे फेका. दोर फेकताना त्याच्या अंगावर न फेकता डोक्यापलीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायचा, म्हणजे तो वाहत त्याच्या हाताशी येतो.

दुसरं, बुडणारा माणूस ओळखायला शिका. तो सिनेमातल्यासारखा हात हलवून ‘वाचवा’ म्हणत नाही. श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कुठून? डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आवाज नाही. हे फार तर मिनिटभर चालतं. पोरगं पाण्यात अचानक गप्प झालं की तिकडे बघा. आणि स्वतः पडलात तर हातपाय झाडू नका. डोकं मागे टाकून, छाती वर करून पाठीवर तरंगत राहा, श्वास सावरला की मग हाक मारा.

तिसरं, ११२ ला फोन करा. अग्निशमनसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाचा १५५४. ‘नदीवर या’ असं सांगून काही होत नाही. कुठला पूल, कुठला घाट, जवळ कुठली कंपनी, माणूस कुठल्या तीराला शेवटचा दिसला, हे सांगा. एकाने फोन धरायचा आणि दुसऱ्याने ती जागा नजरेआड होऊ द्यायची नाही. व्हिडिओ काढणाऱ्याला हाताला धरून रस्त्यावर पाठवा, गाडीला वाट दाखवायला.

चौथं, बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढायच्या नादी लागू नका. त्यात हातची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरात दाब द्यायला लागा. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ३० दाब आणि २ श्वास. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून शिकावं लागतं. सोसायटीच्या, मंडळाच्या, भिशीच्या एका बैठकीत तास-दोन तासांत होतं. यंदाच्या गणेशोत्सवात मंडळांनी डीजेचं एका दिवसाचं भाडं वाचवून हे शिबिर घ्यावं.

कंपन्यांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगणं आहे. सुपरवायझर, एचआर, ठेकेदार, तुमच्याकडे रोज शिफ्टच्या सुरुवातीला टूलबॉक्स टॉक होतो. त्यात हेल्मेट, बूट, मशीनचं गार्ड सगळं येतं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला त्यात दोन मिनिटं नदीची घाला, आणि हिंदीत, जमलं तर ओडियात, बंगालीतही सांगा. कामगार गेटच्या आत सुरक्षित ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी पाच किलोमीटरवरच्या डोहात गमवायचा, याला काय अर्थ आहे? खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनीही नवीन पोराला लाइट-पाण्याचे नियम सांगताना हेही सांगावं, की अमुक जागेला उतरायचं नाही, तिथे गेल्या साली माणूस गेला होता.

आणि मॅनेजमेंटमधल्या लोकांनो, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत आहे. झाडं लावा, शाळा रंगवा, त्याला कुणाची ना नाही. पण एखाद्या बचाव पथकाला हवेची बोट, तिचं इंजिन, लाइफ जॅकेट, पाणबुड्याचा पोशाख आणि स्वयंसेवकांचा अपघात विमा द्या. शक्य असेल तर तुमच्याकडच्या स्वयंसेवकाला बोलावणं आल्यावर जितका वेळ लागेल तितकी पगारी सुट्टी द्या. यासाठी मोठं बजेट लागत नाही, वरून एक सही लागते.

आपण साध्या माणसांनी वर्षाला पाचशे रुपये दिले तरी पुष्कळ. देताना मात्र डोळे उघडे ठेवा. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. पैसे कुणा एकाच्या खासगी नंबरवर न पाठवता संस्थेच्या खात्यात भरा. पावती घ्या. जुन्या करप्रणालीत असाल तर ८०जी ची सवलत मिळते, पण दोन हजारांवर रोख दिली तर ती मिळत नाही. खरी संस्था अशा प्रश्नांना कधी रागावत नाही. ज्यांच्याकडे पैसा नाही आणि अंगात दम आहे, त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची चौकशी करावी.

बोटीने जाणाऱ्यांनाही एक शब्द. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. तिथल्या लोकांना होडी म्हणजे मौज नाही, रोजचा रस्ता आहे. पलीकडे जायला दुसरी वाट शंभर किलोमीटरच्या वळशाची असेल तर माणूस होडीतच बसणार. म्हणून ‘जाऊच नका’ हा सल्ला नेहमी चालत नाही. जॅकेट मागा, घातल्याशिवाय बसू नका, आभाळ भरून आलं असेल तर थांबा आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली तर उतरा. भूमध्य समुद्रातल्या होडीत बसणाऱ्याला हे पर्याय नसतात. आपल्याला आहेत.

कुणी म्हणेल, असं सगळ्यांना वाचवत बसलो तर लोक आणखी बेफिकीर होतील. अग्निशमन दल आहे म्हणून कुणी घराला आग लावत नाही. बेफिकिरी कमी करायची तर कुंपण घाला, सायरन वाजवा, जीवरक्षक नेमा, वाचता येईल असा फलक लावा आणि दंडही करा. ही सगळी कामं माणूस पाण्यात पडायच्या आधीची आहेत. तो पडल्यावर एकच काम उरतं.

हे वाचून झाल्यावर दोन कामं लगेच करा. तुमच्या घराजवळच्या नदीचा, खाणीचा किंवा तळ्याचा धोकादायक कोपरा कुठला ते चौकशी करून घ्या आणि तुमच्या इमारतीत, चाळीत, लाइनवर जो कुणी नवीन राहायला आला असेल त्याला तो जाऊन सांगा. आणि गाडीच्या डिकीत वीस मीटर लांबीचा जाड दोर टाकून ठेवा. तो कुणासाठी वापरावा लागेल हे आज ठरवायची गरज नाही.